डिंकाचे लाडू

तुपात डिंक फुलल्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, म्हणून येडशीहून सोलापूरला उपचाराला गेलो. डॉक्टरीणबाई सासूबाईंच्या देखतच म्हणाल्या, आधी वजन उतरवा, मग औषधांचा गुण चांगला येईल. तरी घरी येताच सासूबाईंनी डिंक, खारीक, खोबरं काढलं. "उपाशी पोटी पोर ऱ्हातंय व्हय? सुया सोसायला ताकद पायजे," म्हणत रोज सकाळी समोर बसून लाडू खायला लावायच्या. नवरा पेपरातून मान वर करायचा नाही. पुढच्या खेपेला काटा वरच गेला अन् उपचार लांबले. तेव्हा भरल्या दवाखान्यात सासूबाई म्हणाल्या, "म्या काय करू? हिचं तोंडच बंद ऱ्हात न्हाय!" माझ्या अंगाचा भडका उडाला. वाटेत मला चारायला त्यांनीच आणलेला लाडवांचा डबा मी पिशवीतून काढला अन् नवऱ्याच्या मांडीवर आपटला. "आता तुम्ही खावा, अन् तुम्हीच गरवार व्हा!" काल माझ्या जाऊबाई, तसंच वजन उतरवायला सांगितलेल्या त्यांच्या सुनेसाठी, डिंक तळत होत्या. मी गॅस बंद केला अन् कढई उचलून मोरीत पालथी घातली.