शेरू भुंकेना

संघपाल मुखेडच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होता. गाडी फाटकातून आत येतानाच तो आवाजावरून सांगायचा, हिचा क्लच गेलाय का ब्रेक धरतोय, आणि सहसा चुकायचा नाही. असा माणूस रिटायर झाल्यावर वीतभर कुत्र्यापुढं हात टेकेल, असं डेपोत कुणालाच वाटलं नसतं.

वर्कशॉपमागच्या जुन्या टायरांत कुत्री व्याली होती. निरोपाच्या दिवशी हारासोबत संघपालनं तिचं एक तांबडं पिल्लू घरी आणलं. घर गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये होतं, राखणीला कुत्रं पाहिजेच होतं. नाव ठेवलं शेरू.

शेरू आल्या आल्या बाजेखाली शिरला. संघपालनं हाक मारली की आणखी आत सरकायचा. तो बघत असला की भाकरीला तोंड लावायचा नाही, आणि त्यानं पाठ फिरवली की ताटली लख्ख. शेजारच्या व्यंकटरावांची शेळी अंगणात घुसली, तर भुंकायचं सोडून हा तिच्या करडाचं तोंड चाटत बसला. आणि संघपालची बायको पंचशीला अंगणवाडीतून आली की मात्र तिच्या पायात लोळण घ्यायचा.

"दूध मी पाजून राहिलो, अन् भिऊन बी मलाच राहिलं," संघपाल म्हणाला. "ह्याचं डोस्कं हाय तरी कसं?"

व्यंकटरावांकडं उपाय तयार होता. "लाड लई झाले, भाऊ. साखळीला बांधा अन् तुमच्याशिवाय कुणाला तुकडा टाकू देऊ नका. बघा मग कसं वळणावर येतंय."

संघपालनं शेरूला लिंबाला बांधलं. दोन दिवस शेरू अन्नाला शिवला नाही. संघपाल भाकरी घेऊन जवळ गेला की तो अंग चोरायचा आणि जागीच मुतायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी पंचशीलानं कुणाला न विचारता साखळी सोडली.

"अंगणवाडीत नवं लेकरू येतंय ना, ते पहिले चार दिवस उंबऱ्यावरच बसतंय," ती म्हणाली. "मी वढून आत आणत न्हाई. त्याच्याकडं बघत बी न्हाई. माझं काम करत बसते. मग येतंय आपोआप. अन् तुम्ही जरा हळू बोलत जा त्याच्याशी."

"मी कवा मोठ्यानं बोललो?" संघपाल म्हणाला.

शेरू बाजेखाली पळाला. शेळी दचकली. व्यंकटरावांची सून दारात येऊन बघू लागली.

संघपालनं शेळीकडं पाहिलं, मग सुनेकडं. इंजिनांच्या धडधडीत बोलता बोलता आवाज कधी चढला आणि कान कधी मंदावले, त्याला कळलंच नव्हतं. डेपोतली पोरं आपल्या कामाला वचकून असतात, असं तो समजत होता. मग अगदी हळू त्यानं विचारलं, "आपली लेक, धम्मप्रिया, ती बी भीत होती का मला?"

पंचशीला मेथी निवडत राहिली. "तिलाच विचारा," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून संघपाल सकाळी अंगणात खाली बसू लागला, शेरूकडं पाठ करून. कधी जुना स्टोव्ह उकलायचा, कधी सायकलीचं पंक्चर काढायचा. दहाव्या दिवशी कोपराला ओलं नाक लागलं. तो हलला नाही, श्वाससुद्धा बेतानं घेतला. आता रोग सापडला, असं त्याला वाटलं. रोग आवाजाचा.

शनिवारी धम्मप्रिया आली. ती नांदेडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. रिक्षातून उतरतानाच तिनं टाळ्या पिटून आरोळी ठोकली, "कुठंय रे तू, शेऱ्याऽऽ!" आवाज थेट बापाचा. संघपालनं कपाळाला हात लावला. पण शेरू बाजेखालून सुटला तो सरळ तिच्या अंगावर, आणि जन्मात पहिल्यांदा भुंकला. तेही आनंदानं.

"मग आवाजाचं न्हाईच का हे?" संघपाल बायकोकडं बघत म्हणाला.

"आवाजाचं बी आसंल. तुमच्या अंगाला ग्रीसचा वास हाय, त्याचं बी आसंल. मला काय ठावं?"

जेवणं झाल्यावर त्यानं लेकीला विचारलंच. "तू लहान असताना मला भीत होतीस का गं?"

"लई," धम्मप्रिया हसत म्हणाली. "तुमची सायकल वाजली की मी पुस्तक उघडायची."

संघपालची मान खाली गेली.

"पण सायकल वाजायला उशीर झाला तर रडायची बी मीच. आईला विचारा."

"दोन्ही? एकाच वेळी?"

"हाव. काय झालं त्यात?"

संघपालला ते काही उलगडलं नाही. इंजिन एकतर बिघडलेलं असतं, नाहीतर नीट असतं. सकाळी तो भाकरीचा तुकडा तळहातावर घेऊन अंगणात बसला. शेरू आला, त्याच्या डोळ्यांत बघत तुकडा घेतला, आणि लगेच चार पावलं मागं सरून गुरगुरला. शेपटी मात्र हलत होती. संघपालनं आधी शेपटीकडं पाहिलं, मग दातांकडं, आणि दुसरा तुकडा मोडला.