सायकलचं खोगीर

नवी घेतलेली सायकल चालवताना सीट सारखी खाली घसरायची, म्हणून शहाद्याला सीटचा दुसरा दांडा घ्यायला गेलो. काकांना सोबत नेलं, तिथेच चुकलं. त्यांचा जन्म घोड्यांत गेलेला. त्यांनी सगळ्यांत लांब दांडा निवडला, कारण स्वार उंच दिसला पाहिजे! तो नळीत ढिला होत होता. दुकानदार म्हणाला, जाड दांडा घ्या, नाहीतर याला पत्र्याची पट्टी गुंडाळतो. काका त्याच्यावरच उखडले. खोगिराखाली कुणी पत्रा घालतं का? त्यांनी आपल्या पंच्याची चिंधी फाडून गुंडाळली.

गावाबाहेर पडतो न पडतो तोच सीट गर्रकन फिरली आणि मी बाभळीत पडलो. मागून काका घोड्यावरून येत होते. मला उठवायचं सोडून ते सायकलच्या हँडलवरून हात फिरवत पुटपुटले, "नवं जनावर शे, बुजी गयं."