बिनशिंकेचं नाक

भूमच्या आठवडी बाजारात गुंडप्पा तपकीरवाल्याचं दुकान कुणाला विचारावं लागत नसे. शिंकांच्या आवाजाच्या दिशेनं चालत गेलं की झालं. निजामाच्या राज्यात तोंड दाबून सोसायच्या गोष्टी पुष्कळ होत्या. या दुकानापुढं मात्र पाटलापासून महसुलाच्या गिरदावरापर्यंत सगळे मोकळेपणानं, ओरडून शिंकत.

गुंडप्पा स्वतः कधी शिंकत नसे. वीस वर्षं तंबाखूत घालवून त्याचं नाक मठातल्या स्वामींसारखं निर्विकार झालं होतं, आणि त्याचा त्याला भारी गर्व होता.

दळायचं-गाळायचं काम बायकोचं, इरम्माचं. भाजलेली पानं जात्यात दळून ती तलम कापडातून अशी गाळी, की तपकीर धुरासारखी खोलीभर तरंगे. जितकी बारीक तितकी नामी. पहिली काही वर्षं बिचारी शिंकून बेजार असे. गुंडप्पा बाजाराला निघताना उंबरा ओलांडायला जायचा आणि नेमकी आतून शिंक.

"झाला अपशकुन!" तो तिथंच फतकल मारी. "घरच्याच मालाला शिंकतीस व्हय? लाज कशी वाटंना?"

"नाकाला काय ठावं, माल कुनाचा हाय ते!" इरम्मा आतून ठणकावी.

मग शिंका कमी झाल्या. एक दिवस थांबल्याच. गुंडप्पानं शेजारीपाजारी गूळ वाटला. "आता शोभतीस तपकीरवाल्याची बायको!"

शिंका गेल्या आणि खोकला आला. त्रेचाळीस साली तर विहिरीवरून घागर आणताना इरम्मा तीनदा टेकायला लागली. तरी गुंडप्पाला त्याचं काही वाटलं नाही. पण एकदा भांडता भांडता तिला अर्ध्या वाक्यात धाप लागली आणि ती गप्प बसली. इरम्मानं भांडण अर्धवट सोडावं, असं त्या घरात आजवर घडलं नव्हतं. गुंडप्पानं मुकाट बैल जुंपले.

बार्शीला डॉक्टर होता. बार्शी इंग्रजी मुलखात, म्हणून वाटेत निजामाचा करोडगिरी नाका लागे, मालावर जकात घेणारा. तिथल्या जवानाला चिमूटभर तपकीर दिली की तो डोळे मिटून नाक वर करी. तेवढ्यात गुंडप्पाच्या गोण्या पार. त्या दिवशीही चिमूट दिली, गाडी पार झाली.

डॉक्टरनं छातीला नळी लावली. इरम्मानं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून जरा बाजूला केलं, पण सोडलं नाही. बराच वेळ ऐकून डॉक्टर म्हणाला, "नाकात केस असतात, ओल असते. धूळ तिथं अडकते, शिंक तिला हाकलून देते. त्यातून निसटली तर श्वासनळीत बारीक केसांचा झाडू असतो, खोकला असतो. पण त्याच्या खाली फुप्फुसात द्राक्षाच्या घडासारखे इवले फुगे असतात. तिथं हवा रक्ताला भेटते. तिथं झाडू नाही. जाड धूळ वर अडकते. बारीक थेट तळाला जाते."

"म्हंजे नाक हा करोडगिरीचा नाका?" गुंडप्पानं विचारलं.

"तसं समजा."

"आन् शिंक म्हंजे त्यावरला जवान?"

"हो. रोज धूळ खाऊन यांचा जवान झोपला."

जवानाला झोपवायचं कसं, हे गुंडप्पाला कुणी शिकवायला नको होतं.

"इलाज, साहेब?"

"धुळीपासून लांब ठेवा. गेलेले फुगे परत येत नाहीत."

परतताना नाक्यावर जवानानं सवयीनं तळहात पुढं केला. गुंडप्पानं डबी काढली नाही.

"गाडी तपासा."

"क्या हुआ अप्पा? जाव ना सीधे."

"तपासा म्हनलं न्हवं! नीट तपासा!" तो एवढ्यानं ओरडला, की बैल बिचकले. गाडीत इरम्माशिवाय काही नव्हतं.

"ह्यास्नी..." इरम्मा हसायला गेली, धापली. "ह्यास्नी... आज... चढलीया तपकीर."

घरी येताच गुंडप्पानं जात्याची वरची तळी काढून परसात उलथी टाकली. पण उशीर झाला होता. पुढचा चैत्र इरम्मानं पाहिला नाही. लिंगायतांच्या रीतीनं तिला बसवून माती दिली तेव्हा इष्टलिंग तिच्या हातातच होतं.

गुंडप्पा पुढं बाजारात खडेमीठ विकू लागला. ते उडत नाही म्हणून. बाजाराला निघताना मात्र तो दर वेळी उंबऱ्यावर थांबे, आत कान देऊन. घटकाभर वाट बघे. अपशकुन काही होत नसे.

मग तो निघे.