शिरीषनं लावलेले क्लिक

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाडीवरून?"

"नाही हो, घरीच. चहा घेताना," त्याची बायको, सुनीतावहिनी म्हणाल्या.

ऐकून मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं महिना झाला तरी टोचतंय... गाडीवरून गेला असता, तर जुन्या एका अपघाताचा विषय निघाला असता.

शिरीष बडोद्याला बाजव्याजवळच्या कारखान्यात फिटर होता, मी निजामपुऱ्यात शिक्षक. चाळिशीत आम्हां दोघांना ट्रॅकवर मोटरसायकल पळवायचं वेड लागलं. रविवारी सकाळी पाणीगेटच्या त्याच्या घरी तो माझी गाडी स्टँडवर चढवायचा आणि मला वर बसवायचा. "अर्धं बूड सीटबाहेर काढ. बाहेरचा गुडघा टाकीला दाब. हँडलला लोंबकळू नको ने, बोस!" तो गुजराती वळणानं ओरडायचा. मग माझ्या वजनानं गाडी किती दबते ते पट्टीनं मोजून मागच्या शॉकअपचा स्क्रू एकेक क्लिक, म्हणजे एकेक खाच फिरवून तो कडक-मऊ करायचा. पण शर्यतीत आम्ही धावायचो एकाच गटात, आणि दरवेळी पुढे तोच असायचा. स्वतःच्या गाडीचे क्लिक मात्र सांगत नसे. "तुझं वजन वेगळं, माझं वेगळं," एवढंच. खरंच होतं ते, पण मला ती टाळाटाळ वाटायची. हा मुद्दाम माझी गाडी वळणात जड ठेवतोय, असं मनानं घेतलं.

गेल्या वर्षी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर, शर्यतीआधी तो हेल्मेट आणायला गेला, तेवढ्यात मी तो स्क्रू चार क्लिक उलटा फिरवला. तिसऱ्या वळणावर गाडी पूर्ण झुकलेली असताना मागची बाजू डोलायला लागली. घाबरून मी गॅस सोडला आणि घसरत गेलो. खांद्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात आमच्याबरोबर शर्यतीला आलेल्या एकानं विचारलं, "सेटिंग कुणाचं होतं?"

"माझं," शिरीष म्हणाला.

मी डोळे मिटून पडून राहिलो. त्यानंतर बडोद्यातल्या आमच्या मंडळींपैकी कुणी त्याला आपल्या गाडीला हात लावू दिला नाही. तो काही बोलला नाही. मला त्या गप्प बसण्याचाही संशय... याला कळलंय का?

तेराव्यानंतर राहवेना. वहिनींना सगळं सांगून टाकलं.

"त्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी टेम्पोत चढवताना क्लिक मोजले होते त्यांनी."

"मग कुणाला बोलला का नाही?"

"मीही विचारलं. म्हणाले, तो सांगेल."

वर्षभर तो वाट बघत होता, आणि मी त्याच्यावर नजर ठेवून होतो.

परवाच्या रविवारी मी सगळ्या मंडळींना त्याच्या घरी बोलावलं आणि सांगितलं. मग वहिनींनी त्याच्या गाडीवरचं कापड काढलं. सीटचा मधला भाग जवळजवळ नवा होता. दोन्ही कडा मात्र घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या; अर्धं बूड बाहेर, मला सांगायचा तसंच.