हार जमिनीला लागू द्यायचा नाही

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सहा महिने मी देवाशी बोलले नाही. बोलण्यासारखं त्याने ठेवलंच काय होतं? बेचाळिसाव्या वर्षी उजवा हात लुळा पडला. जन्मभर केलेल्या उपासतापासांचं हे फळ, असं मी नवऱ्याला तोंडावर म्हणाले. तो बिचारा गप्प बसला, तर त्याचाही राग आला.

ऑफिसात सॉफ्टवेअर तपासणारी माझी टीम होती. परत रुजू झाले तर ती दुसऱ्याला दिलेली, आणि मला मीटिंगमध्ये नुसतं बसायचं काम. "टेक रेस्ट, मॅडम." घरी सुरी हातात घेतली की नवरा काढून घ्यायचा, "अगं, असू दे." आईला त्रास नको म्हणून लेकीने शाळेतलं काही सांगणं बंद केलं. हात गेला त्याहून हे जास्त जिव्हारी लागलं. कोणाला माझी गरजच नसेल तर नोकरी सोडून साताऱ्याला माहेरी जाऊन पडावं, असं मी ठरवलं. राजीनामा लिहून तयार होता, सोमवारी द्यायचा होता.

नोकरीसाठी आम्ही राहतो त्या तमिळ शहरात, तिरुवल्लिकेणी भागातल्या देवळात शनिवारी दुपारी गेले ती भांडायलाच. इथला देव सारथी, दुसऱ्याचा रथ हाकणारा. तुला लगाम धरता येतात, मग मला चमचा का धरता येऊ नये, एवढंच विचारायचं होतं. दार बंद. चारला उघडणार म्हणे. यालाही विश्रांतीच! चरफडत बाहेर बसले, तर शेजारी तुळशीचा लांबलचक हार गुंफणारी म्हातारी माझ्यावर खेकसली, "इंदा, पिडी." हे घे, धर. हाताखालची तिची बहीण आली नव्हती, आणि देवाचा हार जमिनीला लागू द्यायचा नसतो.

"हा हात चालत नाही," मी मोडक्या तमिळमध्ये सांगितलं.

"खांदा आहे ना?" म्हणत तिने हार माझ्या उजव्या खांद्यावरून हातावर टाकला आणि डाव्या हाताला जुड्या पुढे करायला लावलं. दोनदा हात घसरला. दुसऱ्यांदा हार मातीला टेकला. तिने तेवढा तुकडा कचकन तोडून फेकला आणि मला असं झापलं की रस्त्यावरचे लोक बघायला लागले. "लक्ष कुठंय तुझं? आत तो वाट बघतोय." सहा महिन्यांत मला कोणी रागावलं नव्हतं. मला रडू आलं, आणि फार बरंही वाटलं. पर्समध्ये फोन वाजत राहिला.

दार उघडलं तेव्हा तो हार देवाच्या गळ्यात पाहिला. भांडायचं राहूनच गेलं. शरण जाणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं, अशी माझी समजूत होती, आणि माझे तर हात जुळतही नव्हते. त्याने समोर टाकलेलं काम चुकत-माकत करणं, एवढीच शरणागती आता मला झेपते. म्हातारीच्या तोंडून तोच बोलला का, मला माहीत नाही. त्या झापण्याबद्दल मात्र मी त्याची जन्माची ऋणी आहे.

राजीनामा दिला नाही. टीम परत मागितली, अर्धीच मिळाली, उरलेलीसाठी भांडण चालू आहे.

त्या संध्याकाळी घरी पोचले तर नवरा दारातच उभा, चेहरा पांढराफटक. "दहा फोन केले. उचलला का नाहीस?"

"हात मोकळे नव्हते," मी म्हणाले.