हळदकुंकू लावलेलं अमेरिकन पाकीट

मामाच्या घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू मामीने एका दसऱ्याला हळदकुंकू लावून खराब केली.

मामा काल गेला. हे मामीला विचारूनच लिहितेय.

मामा बँकेत होता, गंगापूर रोडला राहायचा, आणि अमेरिकेची जुनी पोस्टाची तिकिटं जमवायचा. अमेरिकाच का, ते कुणालाच कळलं नाही. तो तिथे कधी गेला नाही.

सुटं तिकीट त्याला चालायचं नाही. पत्राच्या मूळ पाकिटावरच हवं.

"शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर पाहिजे. म्हणजे दोघं खरंच एकत्र निघाली होती."

अमेरिकेचं पहिलंवहिलं पाच सेंटचं तपकिरी तिकीट त्याच्याकडे होतं, अगदी मूळ पाकिटावर. ते आलं आणि कार घ्यायची राहिली. मामी रिक्षाने पंचवटीत भाजीला जात राहिली.

त्याच्या अल्बमजवळ चहाचा कप दिसला तरी मामा घर डोक्यावर घ्यायचा.

त्या वर्षी दसरा झाला की तो ते पाकीट घेऊन दिल्लीच्या मोठ्या एक्झिबिशनला जाणार होता. गोल्ड मेडल मिळणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

दसऱ्याला मी आणि मामा घोटीहून परत आलो, तर पूजेच्या पाटावर विळी, स्कूटरची किल्ली आणि मधे ते पाकीट. लग्नपत्रिकेला लावतो तसं चारी कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू.

"शुभकामाला निघालंय. कोरं कसं पाठवायचं?" मामी खुशीत होती. "तिकिटाला नाही हं लावलं."

मामाने भिंग आणलं. चारी कोपरे बघितले. हळद कागदात पार मुरली होती.

"जेवायला वाढ," म्हणाला.

"खराब नाही ना झालं हो?"

"छे."

दिल्लीत परीक्षक म्हणाले, हा डाग आहे.

मामा म्हणाला, पाकीट जिथून जातं तिथली खूण त्याच्यावर राहते. ही आमच्या घरची.

मेडल अर्थातच मिळालं नाही. मला तेव्हा दोघांचाही राग आला होता.

घरी येऊन मामीला म्हणाला, "लोक सगळ्यात जास्त तुझ्या पाकिटापाशी थांबत होते."

मामीने ते कॉलनीभर केलं. भिशीत, लिफ्टमध्ये, भाजीवालीला. मामा शेजारी उभा राहून मान डोलवायचा.

आम्हाला त्याने एकच बजावलं होतं. तिला कधी कळू द्यायचं नाही.

काल अमरधामहून अंत्यविधी आटोपून घरी आलो आणि एका तिकीटवाल्याचा फोन आला. मामीनेच घेतला, स्पीकरवर.

"बाकी सगळं घेतो. ते हळदीने वाया गेलेलं तेवढं नको."

इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित, नेमकं आजच फुटलं.

"आत्ता काही विकायचं नाहीये," म्हणून मामीने फोन ठेवला.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, मला त्याच दिवशी कळलं होतं. काही झालं नसतं तर ओरडले असते ना ते."

"मग कॉलनीभर कशाला सांगत फिरायचीस?"

"त्यांना किती बरं वाटायचं."

मामा, सुखाने जा.

मनापासून श्रद्धांजली.