स्थानबद्धाच्या डब्यातली चटणी

नोकरीतल्या कित्येक खुनांचे तपशील मी विसरलो. आणीबाणीतले एक प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे, आणि त्यात तर गुन्हाही दाखल झाला नव्हता. मी तेव्हा सोलापुरात फौजदार होतो. माणसांची नावे लिहीत नाही, तुरुंगाचेही नाही.

त्या तुरुंगाच्या एका बराकीत मिसा कायद्याखाली उचललेली माणसे ठेवली होती. शिक्षक होते, एक वकील होते, गिरणी कामगार होते आणि यंत्रमागावरचा एक विणकर होता. त्यांच्यावर आरोप नव्हता, खटला नव्हता, सुटकेची तारीख नव्हती. कागदोपत्री ते कैदीही नव्हते, ‘स्थानबद्ध’ होते. आठवड्यातून एकदा घरचा डबा घेण्याची मुभा त्यांना होती. आठवडाभर टिकावे म्हणून बायका कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणत.

खबर दिली ती बराकीच्या पहाऱ्यावरच्या वॉर्डरने. हा स्वतः शिक्षा भोगणारा जुना कैदी, वळसंगकडचा.

“सायेब, त्या विणकराच्या घरची चटणी कडू लागती. पांढरं काय तरी कुटून घातल्यालं हाय.”

“तुला रे कसं कळलं?”

“मलाबी चिमटभर देत्यात की. माणूस लई चांगला हाय. पर खबर ती खबर.”

वरिष्ठांनी लगेच अर्थ लावला. पोट बिघडवून घ्यायचे, रुग्णालयात जायचे आणि वाटेत पळायचे. विषाचीही शंका होतीच. तपास माझ्याकडे आला.

पुढच्या भेटीच्या दिवशी फाटकावरच डबा अडवला. दोन पंच बोलावून चटणीचा नमुना काढला. जिभेवर ठेवून पाहिली. कडवट होती. डबा आणणारी विणकराची बायको होती. घरात तेलुगू बोलणारी, दिवसभर विड्या वळणारी, तंबाखूने बोटे पिवळी पडलेली बाई. महिला शिपाई सोबत घेऊन मी तिला कार्यालयात बसवले.

“चटणीत काय घातलंय?”

“मीठ. तिखट. लसूण.”

“आणखी?”

“शेंगा.”

महिला शिपाई म्हणाली, “अगं बाई, साहेबांना चटणी करायला शिकायचं नाहीये.”

बाई हसली नाही. माझा अनुभव असा की, खोटे बोलणारा माणूस प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. ही प्रत्येक प्रश्नानंतर खाली बघत होती. शेवटी मी डबा तिच्यापुढे सरकवला. “यात विष नसेल तर खाऊन दाखवा.”

तिने क्षणाचाही विचार न करता मूठ भरली. तोंडापर्यंत नेली आणि थांबली. निम्मी चटणी परत डब्यात टाकली. मला वाटले, सापडली.

“का थांबलात?”

“खाते की ओ साहेब. पण आठवड्याचं माप हाय ते. मी खाल्लं तर त्यांना कमी पडंल.”

विष कमी पडेल म्हणून कुणाचा आवाज कापरा होत नाही. माझा संशय तिथेच संपला. मी पाणी मागवले, तेव्हा ती बोलू लागली.

नवऱ्याला क्षय होता. दवाखान्याचे औषध चालू असताना मधेच त्याला घरातून उचलले. उरलेल्या गोळ्या घेऊन ती फाटकावर आली, तर बाहेरचे औषध चालणार नाही म्हणून परत पाठवली. तुरुंगात डॉक्टर आठवड्यातून एकदा येत आणि खोकल्याचे लाल औषध देत. परवानगीचा अर्ज वर गेला होता, उत्तर नव्हते. औषध मधेच सुटले तर माणूस हाताला लागायचा नाही, असे दवाखान्यात तिला बजावले होते. म्हणून ती गोळ्या पाट्यावर वाटून चटणीत कालवत होती.

“त्यांना ठाऊक आहे?”

“न्हाय. कुणी विचारलं तर लगेच खरं सांगून टाकतील. तसलंच माणूस हाय ते. त्याच्यापायीच आत हाय की.”

तेव्हा मला वॉर्डरची ती चिमटभर चटणी आठवली. पहारेकऱ्यालाही मिळते, तर बराकीत किती जणांत वाटली जात असेल? मी डबा आत सोडला आणि जेलरसाहेबांना घेऊन मागोमाग बराकीत गेलो.

जेवणाची वेळ होती. कुणाच्याही घरून काहीही आले तरी ते सगळ्यांत वाटायचे, आणि ज्याचे घर लांब त्याला आधी वाढायचे, असा त्या बराकीचा दंडक होता. विणकर तोंडाला फडके धरून खोकत होता आणि दुसऱ्या हाताने वाढत होता.

“घ्या वकीलसाहेब. आज जास्तच कडू हाय बघा. आमची बायको रागावलेली दिसती.”

पंगत हसली. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्याने भाकरीच्या तुकड्याने डबा पुसला आणि तो तुकडा तोंडात टाकला. त्याच्या आठवड्याच्या औषधातला त्याचा वाटा एवढाच.

मी त्याला बाजूला घेऊन सगळे सांगितले. त्याने रिकामा डबा उचलून आत पाहिले. मग म्हणाला, “म्हंजे वकीलसाहेबांना आता टीबीची भीती न्हाय.” हसता हसता त्याला ढास लागली. फडक्यावर रक्त आले.

मी जेलरसाहेबांना म्हणालो, “याला आजच रुग्णालयात हलवा.”

“फौजदार, हा शिक्षेचा कैदी असता तर माझ्या सहीनं आत्ता पाठवला असता. खुनी असता तरी. याच्यासाठी वरून परवानगी लागते.”

मी अहवाल दिला: गुन्हा घडलेला नाही, माणूस मरणपंथाला लागला आहे, तातडीने उपचार हवेत. वरिष्ठांनी तो वाचून टेबलावर टाकला.

“तुम्हाला चटणीचा तपास दिला होता, फुफ्फुसाचा नाही.”

“चटणीचा तपास तिथंच जाऊन थांबतो, साहेब.”

अहवाल तसाच पडून राहिला. मी त्यासाठी हेलपाटे घालत राहिलो. जेलरसाहेबांनी मात्र धोका पत्करला. गोळ्या स्वतःच्या जबाबदारीवर फाटकावर घेतल्या आणि रोज समोर उभे राहून गिळायला लावल्या. उशीर झाला होता. परवानगी आली तेव्हा त्याला उभेही राहवत नव्हते. रुग्णालयात, खाटेशेजारी बंदूकधारी पहारा असताना, तो गेला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट कायमची शिकवली. साध्या खिसेकापूलाही पकडल्यावर दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते आणि पुढे ठरल्या मुदतीने पुन्हा पुन्हा न्यावे लागते. दंडाधिकारी मान वर करून विचारतात, “काही तक्रार?” पुष्कळदा तो नुसता उपचार असतो. पण आरोपी लंगडतो आहे, खोकतो आहे, सुकत चालला आहे, हे तुरुंगाबाहेरच्या एका माणसाला तरी दिसते. विनाचौकशी कोंडलेल्या माणसाचा हा हक्क काढून घेतला होता. ज्याला कुणापुढे आणायचेच नाही, त्याचे दुखणे खुशाल वाढू देता येते. कायद्याच्या नावाने आम्ही हे केले, आणि त्याला राष्ट्राची सुरक्षितता म्हटले.

अटकेत मृत्यू झाला की मात्र दंडाधिकाऱ्यांना यावेच लागते. ते शवागारात आले. त्या विणकराला त्यांनी पाहिले ते तेव्हाच पहिल्यांदा. मग नियमाप्रमाणे त्यांनी बाईंना विचारले, “मृत्यूबद्दल काही तक्रार आहे?”

ती म्हणाली, “व्हती की साहेब. जिवंत हुते तवा लई व्हती. तवा तुमी आला न्हाईत.”

जबाब मी लिहून घेत होतो. तिचे वाक्य मी तिच्याच शब्दांत लिहिले. पुढे ते खोडायला मला वरून सांगितले गेले. मी खोडले नाही.